शोधनिबंधात संदर्भ कसे द्यायचे: नाशिकच्या नव्या संशोधकांसाठी

संदर्भसूची प्रबंधाच्या शेवटी छापतात, म्हणून ती शेवटीच करायची असते, असा समज नव्या मुलांमध्ये फार पक्का असतो. मग जानेवारीत वाचलेलं पुस्तक मे महिन्यात आठवायचं, पान शोधायला पुन्हा वाचनालय गाठायचं आणि तिथे कळायचं की पुस्तक दुसऱ्या कुणीतरी नेलंय. सबमिशनची तारीख तोंडावर आलेली असते. अंदाजाने एक पान टाकलं जातं. मी पदव्युत्तर मुलांचे मसुदे वाचतो आणि मला दिसणारे बहुतेक चुकीचे संदर्भ लबाडीतून आलेले नसतात, ते या घाईतून येतात. म्हणून सुरुवात वाचनाच्या टेबलापासूनच करू.

त्याआधी एक छोटं काम.

शैली कोणती, ते विचारून घ्या

आपल्या गाइडना विचारा की विभागात कुठली संदर्भशैली, म्हणजे संदर्भ लिहायची ठरलेली पद्धत, चालते. नाशिकमधली बरीच कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) ही तर इथलीच. त्यामुळे शेजारच्या मैत्रिणीची शैली तुम्हाला चालेलच असं नाही. ढोबळमानाने सांगायचं तर समाजशास्त्रं, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र यांत एपीए चालते, तिची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. भाषा-साहित्यात एमएलए, तिची नववी आवृत्ती २०२१ ची. इतिहासवाले तळटिपा देतात, म्हणजे शिकागो शैली. वैद्यकात व्हँकुव्हर, जिच्यात मजकुरात फक्त आकडा येतो आणि सूची त्या आकड्यांच्या क्रमाने लागते. १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले होते, तिथून हे नाव आलं. इंजिनिअरिंगला आयट्रिपलई. एकदा ठरली की शेवटपर्यंत तीच. या लेखातली उदाहरणं एपीएच्या धर्तीवर दिली आहेत, पण स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे यापेक्षा महत्त्वाचं जे आहे ते सगळ्या शैलींना सारखंच लागू पडतं.

पुस्तक हातात आलं की

पहिलं वाक्य वाचायच्या आधी मोबाइलने फोटो काढा: शीर्षकपृष्ठाचा, आणि त्याच्या मागच्या पानाचा. मुखपृष्ठाचा फोटो उपयोगाचा नाही, त्यावर बऱ्याचदा पूर्ण शीर्षकही नसतं. शीर्षकपृष्ठाच्या मागे प्रकाशक, गाव, आवृत्ती आणि वर्ष मिळतं. नंतर ज्या पानावरचा मजकूर तुम्ही घेणार आहात त्या पानाचा फोटो, पान क्रमांक दिसेल असा. वाचनालयाचा दाखल क्रमांकही टिपून ठेवा. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारखी संस्था १८४० पासून चालत आली आहे. अशा ठिकाणी एकाच पुस्तकाच्या दोन वेगळ्या आवृत्त्या कपाटात असू शकतात आणि दोन्हींची पानं जुळत नाहीत.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत दोन गोष्टींकडे लक्ष द्या. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण वेगळं असतं. पुनर्मुद्रणात तोच मजकूर पुन्हा छापलेला असतो, नव्या आवृत्तीत तो बदललेला असू शकतो. तुमच्या हातातली प्रत ज्या आवृत्तीची, तिचंच वर्ष द्या, पहिल्या आवृत्तीचं नको. दुसरं, जुन्या पुस्तकांवर शके असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण शकवर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. पौष, शके १८५० असं छापलं असेल तर तो महिना बहुधा १९२९ च्या जानेवारीत पडतो. महिना छापलेला नसेल तर शके तसंच लिहा आणि पुढे इसवी सन द्या.

स्कॅन वाचत असाल तर पानांचा घोळ फार होतो. संगणक फाइलचं पान सांगतो, पुस्तक स्वतःचं छापील पान सांगतं, आणि मध्ये प्रस्तावना, अनुक्रमणिका, कोरी पानं असतात. पडद्यावर ५३ दिसेल तिथे छापील पान ३७ असू शकतं. संदर्भात नेहमी छापील पान जातं.

आता टिपणं. वहीत करा की लॅपटॉपवर, प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर लेखक, वर्ष आणि पान आधी लिहा, मग मजकूर. जे शब्दशः उतरवलं ते अवतरणचिन्हांत. जे स्वतःच्या शब्दांत लिहिलं त्याच्यापुढे "सारांश". वाचताना तुम्हाला स्वतःला जे सुचलं त्याच्यापुढे "माझं". या तीन खुणा मी मुलांकडून हट्टाने करून घेतो, कारण तीन महिन्यांनी आपल्याच वहीतलं चांगलं वाक्य आपलं होतं की लेखकाचं, हे कुणालाच सांगता येत नाही. अनेक प्रामाणिक मुलांच्या प्रबंधात दुसऱ्याची वाक्यं अशीच शिरतात.

कशाला संदर्भ लागतो

गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर होतो, हे सांगायला संदर्भ लागत नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, हेही तुमच्या विषयाच्या प्रत्येक वाचकाला माहीत आहे. पण त्या दिवशी मोर्चात किती लोक होते, हे लिहिलंत की लगेच संदर्भ हवा. तो आकडा कुणीतरी मोजला, कुणीतरी अंदाजाने सांगितला, कुणीतरी पोलिसांच्या कागदातून घेतला. वाचकाला त्याचं मूळ कळलंच पाहिजे. एखाद्याने त्या सत्याग्रहाचा लावलेला अर्थ, दिलेलं कारण, केलेली तुलना, यांनाही संदर्भ हवा, मग तुम्ही त्यातला एकही शब्द जसाच्या तसा घेतला नसला तरी. नकाशा, तक्ता, छायाचित्र, प्रश्नावली हे तर नक्कीच. दुसऱ्याची प्रश्नावली दोन प्रश्न बदलून वापरली, तरी ती ज्याची आहे त्याचं नाव तिथे यायला हवं.

शंका आली तर संदर्भ द्या. जास्तीचा संदर्भ गाइड खोडतात, राहून गेलेल्याबद्दल उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

शब्द बदलले म्हणजे वाक्य आपलं झालं असं नाही

इथे जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त अडखळतात ते इथे. समजा, द्राक्षशेतीवरच्या एका लेखात असं वाक्य आहे. लेखकाला आपण अबक म्हणू:

"ऑक्टोबर छाटणीनंतर पडणारा अवकाळी पाऊस डाऊनीला आमंत्रण देतो, आणि फवारणीचा खर्च वाढल्यामुळे लहान बागायतदार आधी कोलमडतो."

विद्यार्थी लिहितो: "ऑक्टोबरच्या छाटणीनंतर येणारा बेमोसमी पाऊस डाऊनी रोगाला बोलावतो, आणि औषधांचा खर्च वाढून छोटा शेतकरी प्रथम अडचणीत येतो." त्याला वाटतं, मी माझ्या शब्दांत लिहिलं. पण वाक्याचा सांगाडा तोच आहे, विचारांचा क्रम तोच आहे, फक्त प्रत्येक शब्दाच्या जागी त्याचा समानार्थी शब्द बसवला आहे. शेवटी कंसात अबकचं नाव टाकलं तरी हे लेखन अबकचंच राहतं, आणि वाचकाला मात्र ते तुमचं वाटतं.

यातून बाहेर पडायचे दोन सरळ मार्ग आहेत. एक, लेखकाचं वाक्य इतकं नेमकं आहे की बदलून बिघडेल असं वाटत असेल, तर ते अवतरणात जसंच्या तसं द्या आणि पान लिहा. दुसरा, पुस्तक मिटा, ते खोलीबाहेर ठेवा म्हटलं तरी चालेल, आणि त्या मुद्द्याचा तुमच्या प्रबंधाशी काय संबंध आहे ते लिहा. तुमचा विषय लहान बागायतदारांचं कर्ज असेल तर वाक्य आपोआप वेगळं येईल: "अवकाळी पावसाचा फटका सगळ्या बागांना सारखा बसत नाही, फवारणीचा वाढीव खर्च किती दिवस अंगावर घेता येतो यावर बागायतदार तगतो की कर्ज काढतो ते ठरतं, असं अबक (२०१९, पृ. ४२) यांच्या मांडणीवरून म्हणता येतं." आता पुन्हा पुस्तक उघडा आणि तपासा की अबकला खरंच हे म्हणायचं होतं का. हे शेवटचं पाऊल बरेच जण गाळतात. लेखकाच्या तोंडी न म्हटलेलं घालणं हीसुद्धा चूकच आहे, आणि माझ्या मते उचलेगिरीइतकीच गंभीर.

सबंध परिच्छेदाला शेवटी एकच कंस देऊ नका. वाचकाला कळत नाही की पहिलं वाक्य अबकचं, की शेवटचं, की सगळंच. मुद्दा जिथे सुरू होतो तिथे "अबक यांच्या मते" असं म्हणून नाव घ्या, आणि तुमचं म्हणणं सुरू होईल तिथे "मात्र", "यावरून मला असं वाटतं" असा सांधा ठेवा.

जे पाहिलं नाही, त्याचा संदर्भ देऊ नका

नाशिकच्या इतिहासावर लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या मसुद्यात एक वाक्य हमखास येतं: गौतमीपुत्र सातकर्णीच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं होतं. हे येतं पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यातल्या शिलालेखातून. ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला हा लेख गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या दानाचा आहे, आणि तो तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी कोरला गेला. "तिसमुदतोयपीतवाहन" हे बिरुद त्यात आहे. त्याचं वाचन आणि इंग्रजी भाषांतर ई. सेनार यांनी एपिग्राफिया इंडिका या शिलालेख छापणाऱ्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात छापलं.

विद्यार्थ्याने हे कुठे वाचलेलं असतं? स्पर्धा परीक्षेच्या किंवा अभ्यासक्रमाच्या एखाद्या मराठी पुस्तकात. त्या पुस्तकाच्या तळटिपेत सेनारचं नाव असतं. विद्यार्थी ती तळटीप आपल्या प्रबंधात उचलून आणतो आणि पुस्तकाचं नाव गाळतो, कारण परदेशी अभ्यासकाचं नाव वजनदार दिसतं. त्या मराठी पुस्तकात पान किंवा खंड चुकीचा छापला असेल तर ती चूकही तशीच पुढे येते, आणि व्हायवात "सेनार कुठे पाहिलात?" हा एक प्रश्न आला की घशाला कोरड पडते.

त्या मराठी पुस्तकाच्या लेखकालाही आपण अबकच म्हणू. योग्य पद्धत अशी: मजकुरात "(सेनार, १९०५–०६, अबक, २००८, पृ. ११७ मध्ये उद्धृत)" असं लिहायचं, आणि सूचीत फक्त अबकची नोंद करायची, कारण तुमच्या हातात अबक होता. यात कमीपणा काही नाही. त्याहून चांगला उपाय म्हणजे मूळ गाठणं. एपिग्राफिया इंडिकाचे जुने खंड आता इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. आठवा खंड उघडा, सेनारचा लेख पान ५९ ते ९६ वर आहे, तो वाचा आणि मग हक्काने त्याचा संदर्भ द्या:

सेनार, ई. (१९०५–०६). दी इन्स्क्रिप्शन्स इन द केव्ज ॲट नासिक. एपिग्राफिया इंडिका, ८, ५९–९६.

पांडवलेण्यांत जाऊन तुम्ही शिलालेखाचा फोटो काढला असेल तर तो तुमचा फोटो म्हणून तारखेसह द्या. पण ब्राह्मी आणि प्राकृत येत नसेल, तर त्या अक्षरांचा अर्थ तुम्ही वाचलेला नाही, सेनारने वाचला आहे. फोटोचं श्रेय तुमचं, वाचनाचं त्याचं.

वरच्या नोंदीत "नासिक" असं लिहिलं आहे, ते जाणूनबुजून. शीर्षक जसं छापलं तसंच ठेवायचं, आपण त्याचं शुद्धलेखन सुधारायचं नाही, नाहीतर वाचकाला ते कॅटलॉगमध्ये सापडणार नाही. इंग्रजी स्रोत मराठी प्रबंधात रोमन लिपीतच द्यायचे की देवनागरीत, हेही विभागाला विचारा. रोमनमध्ये देणार असाल तर मराठी आणि इंग्रजी अशा दोन याद्या करणं सोपं जातं.

नोंद कशी बांधायची

प्रत्येक नोंदीत चार प्रश्नांची उत्तरं हवीत: कोणाचं, कधीचं, काय, आणि कुठे मिळेल. पुस्तकाचं उदाहरण नाशिकचंच घेऊ:

कॅम्पबेल, जे. एम. (संपा.). (१८८३). गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी: खंड १६, नासिक. गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेस.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र शासनानेही नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअर काढलं. म्हणून नुसतं "नाशिक गॅझेटिअर, पृ. ४५०" असं लिहिलं तर वाचक शंभर वर्षं इकडची की तिकडची, हेच शोधत बसतो. वर्ष गाळलं की संदर्भ निकामी होतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

नियतकालिकातल्या लेखाला खंड, अंक आणि पानं लागतात, आणि डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) असेल तर तोही. संपादित ग्रंथातल्या एका प्रकरणाचा संदर्भ देताना प्रकरणाचा लेखक आधी येतो, ग्रंथाचा संपादक नंतर. गौरवग्रंथांच्या बाबतीत इथे नेहमी चूक होते आणि सगळं श्रेय संपादकाला जातं. वर्तमानपत्राला पूर्ण तारीख आणि पान द्या, आणि नाशिक आवृत्ती असेल तर तेही लिहा, कारण तीच बातमी मुंबई आवृत्तीत नसू शकते. पीएचडीच्या प्रबंधाला विद्यापीठाचं नाव द्या. तो शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, वाचला असेल तर तिथला दुवाही.

बाजारभावासारखी माहिती रोज बदलते. लासलगावचा कांद्याचा भाव ॲगमार्कनेट या सरकारी बाजारभावांच्या संकेतस्थळावरून घेतला असेल, तर बाजार, वाण, भाव कोणत्या तारखेचा आणि तुम्ही पान कोणत्या तारखेला पाहिलं, हे सगळं लिहा, आणि तो तक्ता त्याच दिवशी उतरवून स्वतःकडे ठेवा. मुलाखतींचं वेगळं आहे. निफाडच्या एखाद्या शेतकऱ्याशी तुम्ही बोललात, तर मजकुरात "(द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका, वैयक्तिक संवाद, तारीख)" असं पुरतं. एपीएत असा संवाद सूचीत जात नाही, कारण वाचकाला तो मिळवता येत नाही. नाव छापायचं असेल तर आधी त्यांची परवानगी घ्या. दादांनी चहा पाजून मोकळेपणाने कर्जाचे आकडे सांगितले, याचा अर्थ त्यांनी ते छापायला सांगितलं असा होत नाही.

झोटेरो, गुगल स्कॉलर आणि चॅटबॉट

झोटेरो हे संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणारं मोफत सॉफ्टवेअर २००६ पासून आहे आणि नव्या संशोधकाने ते पहिल्याच आठवड्यात बसवून घ्यावं. इंग्रजी लेखांच्या नोंदी ते एका क्लिकवर भरतं. मराठी पुस्तकं मात्र बहुतेक वेळा हाताने भरावी लागतात. भरताना आडनाव आडनावाच्या रकान्यात आणि आद्याक्षरं नावाच्या रकान्यात टाका, नाहीतर सूची नावाने लागते आणि "अ. रा." च्या जागी भलतंच काही येतं. मराठी सूचीत इंग्रजी "एट अल." च्या जागी "व इतर" करायचं राहून जातं, तेही बघा. गुगल स्कॉलरवरचं तयार उद्धरण सोयीचं आहे, पण त्यात वर्ष किंवा प्रकाशक चुकलेला असू शकतो, म्हणून शीर्षकपृष्ठाच्या फोटोशी ते ताडून पाहा.

चॅटबॉटला संदर्भ विचारू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. लेखक खरा, नियतकालिक खरं, आणि लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही, असे संदर्भ ते सहज बनवून देतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी असे बनावट खटले दाखले म्हणून दिले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. कुणी सुचवलेला संदर्भ खरा आहे का ते पाहायला डीओआय डॉट ऑर्गवर त्याचा क्रमांक टाका; लेख उघडला तर वाचा, नाही उघडला तर नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका पाहा. तिथेही नसेल तर तो संदर्भ सोडून द्या.

टक्केवारीबद्दल

प्रबंध सॉफ्टवेअरमधून तपासला की त्यातला किती टक्के मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी जुळतो ते कळतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांमध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर आणि सर्वज्ञात गोष्टींतले सलग १४ शब्दांपर्यंतचे जुळणारे तुकडे या मोजणीतून वगळले जातात.

हे आकडे माहीत असावेत, पण लिहिताना डोळ्यांसमोर ठेवू नयेत. "सर, नऊ टक्के आलंय, म्हणजे झालं ना?" असं मुलं विचारतात. त्या नऊ टक्क्यांत दुसऱ्याचं एक अख्खं निष्कर्षाचं पान बसू शकतं. शिवाय मराठी मजकुराच्या बाबतीत, जे पुस्तक इंटरनेटवर नाही त्याच्याशी सॉफ्टवेअर तुलना करूच शकत नाही. ते पुस्तक वाचलेले परीक्षक मात्र तुमच्यासमोर बसलेले असू शकतात. स्वतःचा आधीचा छापलेला लेख प्रबंधात वापरलात तर त्याचाही संदर्भ द्या. स्वतःच्या मजकुराचा पुनर्वापरही यूजीसी गैर मानते.

शेवटची जुळवणी

सबमिशनच्या आधी किमान दोन दिवस मोकळे ठेवा. प्रबंधाची छापील प्रत घ्या, पेन्सिल घ्या. मजकुरात येणारं प्रत्येक नाव आणि वर्ष सूचीत शोधा, सापडलं की दोन्हीकडे खूण करा. शेवटी मजकुरात खूण न झालेला संदर्भ राहिला असेल तर त्याची नोंद सूचीत नाही. सूचीत खूण न झालेली नोंद राहिली असेल तर ती तुम्ही वापरलेलीच नाही. ती काढून टाका, सूची भरघोस दिसावी म्हणून ठेवू नका. मग शब्दशः दिलेलं प्रत्येक अवतरण त्या पहिल्या दिवशी काढलेल्या पानाच्या फोटोशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मधला मजकूर गाळला असेल तिथे तीन टिंबं आहेत का, आणि तुम्ही घातलेला शब्द चौकोनी कंसात आहे का, तेही बघा.

हे काम मैत्रिणीसोबत केलं तर अर्ध्या वेळात होतं: एकीने मजकुरातून नाव वाचायचं, दुसरीने सूचीत बोट ठेवायचं. फोटो आणि टिपणं व्हायवा होईपर्यंत पुसू नका.